मोडक्या भाकरीचा डोंगर

शनिवारी दुपारनंतर माझ्याकडून पतसंस्थेत एकही काम धड होत नाही. समोरचा माणूस सही जुळत नाही म्हणून हुज्जत घालत असतो आणि मी त्याच्या डोक्यावरून खिडकीबाहेरचे ढग बघत असते. पश्चिमेकडे ढग फाटले असतील तर उद्या पेठच्या बाजूला ऊन मिळेल, नाहीतर परत सगळे फोटो राखाडी. घरी पोचले की बॅटऱ्या चार्जिंगला, लेन्स पुसून डब्यात, बूट दाराशी, पिशवी दाराशी, आणि मग तीच पिशवी तीन वेळा उघडून तपासायची. नवरा म्हणतो, "पायाला भिंगरी आहे तुझ्या. डोंगर काय पळून जाणारेत?" डोंगर पळत नाहीत, ऊन पळतं, हे त्याला कितीदा सांगितलंय.

त्याचंही खरं आहे म्हणा. आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातच. झेंडू, शेवंती, कडेनं थोडा भाजीपाला, सगळा माल पंचवटीत जातो. आमच्या घरात फुलाकडे कुणी बघत बसत नाही, फुलं खुडतात आणि क्रेटमध्ये भरतात. पतसंस्थेच्या आधी आणि नंतर मीही वीस वर्षं तेच केलं. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी मला काय झालं कोण जाणे, एक जुना कॅमेरा घेतला आणि दर रविवारी डोंगरात जायला लागले. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "दारात एवढा झेंडू, आणि आमची सून फुलं बघायला सुरगाण्याला जाते!" शेजारीण हसायची, मी बुटाच्या नाड्या बांधायची.

आमचा गट सात-आठ जणांचा. पहाटे पाचला पेठ नाक्यावर जमायचं, दोन गाड्यांत कोंबून बसायचं आणि उजाडताना डोंगराच्या पायथ्याशी पोचायचं. गटाचे प्रमुख म्हणजे चित्रकलेचे एक निवृत्त सर. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी घोकून घेतल्यासारख्या शिकवल्या. पहिली, नुसत्या फुलाचा फोटो काढू नका, ते कुठे वाढतं ते मागे दिसू द्या. कुठला कातळ, कुठला उतार, कुठलं आभाळ. दुसरी, जागा कुणाला सांगायची नाही. फोटो कुठेही टाकलात तरी गावाचं नाव नाही, तालुक्याचंसुद्धा नाही, कारण नाव कळलं की माणसं येतात आणि माणसं आली की फूल संपतं. या दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या. त्या एकमेकींच्या आड येऊ शकतात, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

त्या रविवारी, ऑगस्टच्या अखेरीला, आम्ही सुरगाण्याकडच्या एका पाड्याच्या वर चढलो होतो. बाकीचे पोहे खायला बसले. मला बसवेना. ऊन आत्ता होतं, दहा मिनिटांनी असेल याची खात्री नव्हती. मी एकटीच कडेकडेनं निघाले, तर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात एक बाई गवत काढत होती. साठीची असेल. डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतलेला, हातात विळा.

"काय शोधती गं बाई?" तिनं विचारलं.

"फुलं शोधते, मावशी."

ती खूप हसली. "खायाची?"

"नाही, फोटो काढायला."

तिनं विळा बांधावर ठेवला आणि मला हातानं खूण केली. शेताच्या टोकाला काळा कातळ होता, त्याच्या फटीतून एक बारीक वेल वर आलेला. त्यावर कंदीलपुष्प! अंगठ्याएवढं, फिकट हिरवं, खाली फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून त्याचा इवलासा कंदील झालेला. हे फूल मी पुस्तकात पाहिलं होतं, गटातल्या दोघांनी कोकणात पाहिलं होतं, आणि इथे ते माझ्यापासून हातभर अंतरावर वाऱ्यानं हलत होतं.

"याचा कंद ग्वाड लागतो," मावशी म्हणाली. "लोकांनी काढून काढून खाल्लं. हितं लय व्हतं, आता ह्यो एकच ऱ्हायला. माझ्या सासूनं राखला, आता मी राखते. कुनाला सांगू नको."

"नाही सांगणार," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

"आन् माझा बी एक फोटू काढ. माझा फोटूच नाय. त्या आधारच्या कार्डावर हाय, पन ती मी नाय वाटत."

"काढते. आधी फुलाचा काढू दे, ऊन जाईल."

फूल थांबेना. वारा खालून येत होता आणि वेल सारखा झुलत होता. ते पाहून मावशीनं न सांगता डोक्यावरचा कागद काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि वाऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली. वेल थांबला. मी कातळावर पालथी पडून फोटो काढत राहिले. "थोडं डावीकडे," मी म्हणायची, ती डावीकडे सरकायची. "हात दिसतोय मावशी, मागे घे," म्हटलं की हात मागे घ्यायची. अर्धा तास ती तशी उभी होती. मग मी सरांची शिकवण आठवून जरा मागे सरकले आणि फुलामागे समोरचा डोंगर घेतला. त्या डोंगराच्या माथ्यावर एक खाच आहे, कुणी भाकरीचा कड मोडून घेतल्यासारखी. आमच्या सगळ्यांत त्याला मोडक्या भाकरीचा डोंगरच म्हणतात. फूल पुढे, ढग मागे आणि मध्ये तो डोंगर. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

तेवढ्यात खालून सरांची शिट्टी आली. ऊनही गेलं. मी घाईघाईनं पिशवी आवरली. "पुढच्या वेळी तुझा नक्की काढते मावशी, चांगला काढते, छापून आणते." ती कागद डोक्यावर घेत म्हणाली, "ये मग."

घरी येऊन मी फोटो बघत बसले. सगळ्यात चांगल्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात मावशीची दोन बोटं आली होती, प्लॅस्टिकचा कड घट्ट धरलेली. मी ती कापून टाकली. निसर्गाच्या फोटोत माणूस नको, असं आम्ही सगळेच मानतो. विजेच्या तारा कापतो, बांध कापतो, गुरं कापतो. मग फाइलमधली जागेची नोंद पुसली. खाली लिहिलं, 'नाशिक जिल्ह्यात कुठेतरी'. स्वतःवर खूश होऊन मी तो फोटो फुलांच्या एका मोठ्या ऑनलाइन गटात टाकला. आमच्याच गटात टाकला असता तर आठ जणांनी वा म्हटलं असतं. मला आठ नको होते. हे आता लिहितानाही कान गरम होतात.

दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. काउंटरच्या खाली मोबाइल, दर पाच मिनिटांनी बघायचं. बुधवारी दुपारी कुणीतरी लिहिलेलं दिसलं: "मागे मोडक्या भाकरीचा डोंगर ना? म्हणजे कुठून काढलाय ते कळलं. रविवारी निघतोच."

माझ्या हातातलं पासबुक खाली पडलं. नाव लपवलं, तालुका लपवला, नोंद पुसली, आणि त्या सगळ्याच्या मागे डोंगर उभा करून ठेवला! नाशिकच्या बाहेरच्या माणसाला तो नुसता डोंगर. पण इथे रविवारी डोंगर तुडवणाऱ्या प्रत्येकाला त्याची खाच घरच्या फाटकासारखी ओळखू येते, आणि ती कोणत्या बाजूनं किती रुंद दिसते यावरून फोटो कुठे उभं राहून काढलाय हेही कळतं. मी लगेच फोटो काढून टाकला. तोवर तो दहा ठिकाणी गेला होता. रात्री सरांचा फोन आला. ओरडले नाहीत. "मागे डोंगर घ्यायला मीच शिकवलं," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी निघावंसं वाटत होतं, शुक्रवारी निघावंसं वाटत होतं. पण गणपती तोंडावर आले होते आणि त्या दिवसांत मळ्यातून कुणालाही हलता येत नाही. त्या रविवारी पहाटेपासून मी शेवंतीच्या ओळीत होते. खुडताना सारखा एकच हिशोब डोक्यात: आता ते पेठ नाक्यावर चहा पीत असतील, आता घाट लागला असेल, आता चढायला लागले असतील. जाऊ म्हणाली, "काय गं, कळ्या का तोडतेस?" बघितलं तर क्रेटमध्ये निम्म्या कळ्याच. संध्याकाळी मोबाइलवर त्यांचे फोटो आले. फूल होतं. फुलाभोवती सहा-सात जण पालथे पडलेले होते, आणि ते ज्यावर पडले होते ती मावशीची नागली होती.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. घरात कुणाशी धड बोलले नाही, दोनदा दूध उतू घालवलं. एकच गोष्ट जीव खात होती. मावशीनं मला एक वेल दाखवला होता, दोन पिढ्या राखलेला, आणि एकच गोष्ट मागितली होती. म्हणजे दोन मागितल्या होत्या. दोन्ही मी केल्या नव्हत्या.

रविवारी सर आणि मी, दोघंच गेलो. सर पाड्यावर गाडीशी थांबले, म्हणाले, "तू जा." मी जवळजवळ पळतच चढले. बांधाजवळची नागली पार आडवी झाली होती, मधून पायवाट पडलेली, चिखलात बुटांचे ठसे. कातळाशी गेले. वेल नव्हता. फटीत उकरलेला खड्डा होता, ओली माती बाहेर पडलेली. मी तिथेच खाली बसले आणि रडले. मोठ्यानं रडले, लाज वाटण्याइतकं.

"रडू नको. मीच काढला," मागून आवाज आला.

मावशी विळा घेऊन उभी होती. "परवा बी दोन जन आलं. म्हटलं, हितं ठिवला तर नागली बी जाईल आन् वेल बी जाईल. फूल गळालं. कंद हाय. दुसरीकडं लावलाय."

माझ्या जिवात जीव आला. आणि मी काय बोलावं? माझ्या तोंडून निघालं, "कुठे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. लहान पोरानं परत हट्ट केला की बघतात तसं. "आता तुला नाय सांगायची," ती म्हणाली.

मी मान हलवली. माफी मागितली, नागलीचं नुकसान भरून देते म्हटलं. तिनं हातानं ते उडवून लावलं आणि विचारलं, "माझा फोटू आनला?"

नव्हता आणला. आणायला काढलाच कुठे होता! तिची म्हणून माझ्याकडे दोन बोटं होती, तीही मी कापलेली. मी खरं तेच सांगितलं. पुढच्या वेळी म्हणणार होते, पण जीभ रेटेना. ऊन नव्हतं, वारा होता, ढग खाली उतरले होते. एरवी अशा उजेडात मी पिशवीसुद्धा उघडत नाही. मी कॅमेरा काढला.

"आत्ता काढते, मावशी. उभी राहा."

तिनं कागद बाजूला ठेवला, पदर नीट केला, विळा लपवावा की धरावा याचा विचार करून धरला. मी सवयीनं तिला कातळासमोर उभं करायला लागले, मागे काही येणार नाही अशी. ती हलेना. वळून तिनं समोर बघितलं, मग चार पावलं सरकून आडव्या झालेल्या नागलीत उभी राहिली, बरोबर त्या जागी जिथून मोडक्या भाकरीचा डोंगर दिसतो.

"त्यो डोंगर घे मागं," ती म्हणाली. "मी कुठली हाय ते कळाया पायजे."

लेन्स पुसायची होती म्हणून मी तिला जरा थांब म्हणाले. ती थांबली, मागे अर्धा तास थांबली होती तशीच. मग मी फोटो काढला. ती, तिचा विळा, तुडवलेली नागली आणि वर खाच असलेला डोंगर, सगळं आलं. कापण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तो मोठा छापून, काचेत बसवून तिला नेऊन दिला. कंद कुठे लावलाय ते मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.