भाटियासाहेब शून्य अंश

अच्युत पंजाबात, मोहालीच्या एअरोसिटीतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो. मूळचा कऱ्हाडचा. दार वाजवून, "काकू, आहात ना?" असं विचारतो आणि मी समोर दिसत असले तरी उत्तराची वाट बघतो.

त्याची इथली छोटी कंपनी औषधांच्या शीतगृहांचं तापमान सांभाळणारी यंत्रं बनवते. तापमानाची एक साधी फाइल असते, एका ओळीत एक आकडा. ती यंत्रातला सी भाषेतला प्रोग्राम वाचतो, ऑफिसातला जावाचा वाचतो आणि अहवालाचा पायथनचा वाचतो. तिघांनी सारखंच वाचावं, हे अच्युतचं काम.

नोकरी कच्ची होती. शुक्रवारची चाचणी जमली तर पक्की, आणि मगच संपदा, त्याची बायको, कऱ्हाडच्या शाळेतली नोकरी सोडून येणार होती.

"तू पक्का झालास की सांग," ती म्हणाली होती. "तोवर मी बॅग काढत नाही."

चाचणीची फाइल त्याने आदल्या दिवशी घरी टाइप केली. मध्येच संपदाचा मेसेज आला. त्याने मराठीत उत्तर दिलं आणि पुढच्या ओळी भरल्या. कीबोर्ड मराठीतच राहिला होता. त्याने वाचून पाहिलं: ४.५. बरोबर. पायथनला देवनागरी आकडे कळतात, त्यानेही साडेचारच सांगितलं. दोघांचं एकमत झाल्यावर अच्युत निश्चिंत झोपला.

शुक्रवारी त्याचे साहेब भाटियाजी शेजारी बसले. पायथन म्हणाला साडेचार. जावा चूक दाखवून थांबला. सी म्हणाला शून्य.

भाटियाजींनी फाइल उघडली. "ये क्या है, यार? जलेबी?"

"चार आहे, सर... मतलब, चार है. मराठी में."

अच्युतचा चेहरा पडला. आकडे इंग्रजीत बदलले असते तर तिघांचं लगेच जुळलं असतं, आणि त्याचा हात तिकडे गेलाही. पण तो थांबला. "सर, जावा ने बोला, समझ में नहीं आया. सी ने चुपचाप ज़ीरो पढ़ लिया."

भाटियाजींनी चष्मा चढवला आणि आकड्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. सी म्हणाला, शून्य अंश.

"मैं भी ज़ीरो?"

"जी, सर."

खोलीत कोणी हसलं नाही. शून्य वाचलं की आत आधीच फार गार आहे असं समजून यंत्र थंडावा बंद करतं, मग आतली औषधं तापतात. त्या आठवड्यात जाणारी यंत्रं भाटियाजींनी थांबवली. न कळलेल्या ओळीवर सीनेही थांबावं, ही दुरुस्ती अच्युतकडे दिली. दुरुस्ती जमल्यावर त्याला कायम केलं.

संपदाचा फोन मला आला.

"काकू, हा म्हणतो, चुकून मराठीत आकडे लिहिले म्हणून पक्का झालो. असं असतं का कुठे?"

"इथे झालंय खरं," मी म्हणाले.

मग तिने विचारलं, "तिकडे थंडी फार असते का हो?"