झाकणाशिवायचं पिंप

माझे साडू कोलशेतला राहतात. ते आल्याची बिअर घरीच करायचे. बिअर नावापुरतीच, आलं, साखर, लिंबू, यीस्ट, बस. पुढे त्यांना सायकलचा नाद लागला आणि त्यांनी बिअरचं स्टीलचं पिंप विकायला काढलं.

मानपाड्याला माझं वर्कशॉप उभं राहिलं ते घासाघीस करूनच. "सासरच्या माणसांशी भाव करू नका," असं बायकोने रिक्षात बजावलं होतं. पण माझ्या खिशात चुंबक असतो. पिंपाला लावला, तो चिकटला नाही. म्हणजे स्टील चांगलं. मी तोंड वाकडं केलं, तोटी फिरवून पाहिली आणि सुस्कारा सोडला. शेवटी साडू माझ्या किमतीवर आले.

लिफ्टपाशी पोचल्यावर लक्षात आलं. "झाकण राहिलं."

"झाकणाचं बोलणं कुठे झालं?" साडू म्हणाले. "तुम्ही पिंपावर हात ठेवून भाव केलात. झाकण टेबलावर होतं."

"पिंप म्हणजे झाकणासकट."

"तर मग करा झाकणाचा भाव."

माझं डोकं सटकलं. झाकण ठेवा डोक्यावर, उन्हात सायकल चालवताना उपयोगी पडेल, असं काहीतरी मी बोललो. आणि सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला याच पिंपातली बिअर पाजीन, असंही बोलून बसलो.

"उघड्या पिंपातली?" साडू हसले. "मग ताक म्हणूनच वाढा."

पंच्याहत्तरी कल्याणला, पुढच्याच महिन्यात. सगळं सासर जमणार होतं. तिथे हरलो असतो तर जन्मभर ताकवाला झालो असतो.

पिंप उकळत्या पाण्याने दोनदा धुतलं. आलं किसून साखरेच्या पाण्यात उकळलं, गाळलं, लिंबू पिळलं, कोमट झाल्यावर यीस्ट घातलं. पण वर झाकायचं कशाने? आतला वायू बाहेर जायला हवा, बाहेरचं चिलट आत जायला नको. साडूंच्या झाकणाला त्यासाठी एक वाकडी नळी होती. मी कागदावर नळ्या काढत बसलो.

बायकोने परात उकळत्या पाण्यात बुचकळली, पिंपावर ठेवली आणि तिच्यावर वरवंटा.

"अगं, वायू कोंडेल."

"डाळ उतू जाताना झाकण उचललं जातं की नाही? जोर आला की परात उचलली जाईल, मग आपोआप बसेल."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला. टक. जरा वेळाने पुन्हा टक. परात उचलली जात होती, बसत होती. आम्ही दोघं चहा घेऊन पिंपासमोर बसलो. ठोके लांबत गेले आणि थांबले, तेव्हा थोडी साखर घालून बाटल्या भरल्या. एक प्लॅस्टिकची ठेवली, आत वायू भरला का ते दाबून बघायला. ती दगडासारखी लागली तशा सगळ्या फ्रिजमध्ये टाकल्या.

कल्याणला मी पहिला ग्लास साडूंना दिला. सगळे बघत होते. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला. ग्लास रिकामा करून पुढे केला.

"ताक आवडलं वाटतं," मी म्हणालो.

"बरं आहे. नळी कुठून आणलीत?"

"वरवंट्याला नळी नसते."

सासूबाईंनी मात्र अर्धा ग्लास पिऊन साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

पुढच्या रविवारी साडू झाकण घेऊन मानपाड्याला आमच्या घरी हजर. "घ्या. चार बाटल्या द्या."

"एक."

"तीन तरी?"

दोनवर सौदा ठरला. त्यातली एक त्यांनी आमच्याकडेच संपवली.

झाकण अगदी चपखल बसतं. पण ते ठोके देत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते मला कळत नाही. मी अजून परातच ठेवतो, आणि बायको पोळ्यांच्या दिवशी ती परत मागते म्हणून आमचं भांडण होतं. झाकण भिंतीवर खिळ्याला टांगलंय. साडू आले की त्यांना दिसेल असं. लिफ्टपाशी ते हसले होते, ते मी विसरलेलो नाही.