एल्माची टाकी

चाकं काढून राहायचा ट्रेलर विटांवर चढवला त्याला एकोणीस वर्षं झाली, तरी एल्मा कांगसचा मुलगा ड्वेन आईच्या या घराला अजून "ती गाडी" म्हणतो. मिशिगनच्या उत्तर टोकाला, गावापासून सहा मैलांवर, रानाच्या कडेला हे घर. एल्मा त्र्याहत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून एकटी, आणि हट्टाच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हे.

गेल्या फेब्रुवारीत घर गरम ठेवणाऱ्या गॅसचे तिचे दोन्ही सिलिंडर संपले. पहिला संपला की दुसरा आपोआप चालू होतो, त्यामुळे पहिला कधी संपला हे बाईंना कळलंच नाही. ड्वेन पोचला तेव्हा त्या तीन कोट चढवून पलंगावर शब्दकोडं सोडवत होत्या.

"पुन्हा असं झालं तर तू सरळ आमच्याकडे. खोली रंगवून ठेवलीय," त्याने बजावलं. म्हणजे यंदा गॅसचं चुकलं की घर गेलं.

म्हणून ऑगस्टमध्येच मोठी टाकी बसवायचं ठरलं. टाकी कंपनीची घेतली की गॅसही तिचाच भरावा लागतो, तेव्हा हे सोयरीक जुळवण्याइतकंच नाजूक काम. पहिल्या कंपनीचा टायवाला माणूस आला, वेलदोड्याच्या गोड पावाचे चार तुकडे चापले, भरघोस सवलत सांगितली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत झेंडी रोवून गेला. जागा एल्मालाही पसंत पडली, कारण तिथली टाकी खिडकीतून दिसणार नव्हती. दुसऱ्या कंपनीलाही बोलावलं होतं, तेवढ्यामुळे सही राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीची रोंडा आली. गॅस भरायचा ट्रक हीच चालवायची. ती बसलीच नाही, आधी घराभोवती फेरी मारून आली.

"काकू, रस्त्यावरचा बर्फ कुठे लोटतात?"

एल्माने झेंडीकडे पाहिलं. जानेवारीत तिथे छपराएवढा ढीग असतो, दरवर्षी.

"अगं बाई! तिथेच की!"

"मग एप्रिलपर्यंत टाकीचं दर्शन नाही," रोंडा म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या.

"आमचा गॅस थोडा महाग पडतो, आधीच सांगते. टाकी पुढच्या बाजूला बसेल. दिसायला बेढब. आणि बर्फ पडला की टाकीपर्यंतची वाट मोकळी हवी, नाहीतर मी ट्रक परत फिरवीन. तुमच्याच्यानं होईल?"

"न व्हायला काय झालं," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्षभर दुखणारा खांदा तिने सगळ्यांपासून लपवला होता, आणि थापेने वाट मोकळी होत नाही. मदत मागितली की आपण हरलो, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. मागायची लाज वाटत होती. तरी तिने फोन उचलला.

"ड्वेन, मला आता फावडं उचलवत नाही रे. बर्फ पडला की टाकीची वाट काढायला येशील?"



"आई, इथे बर्फ रोजच पडतो."

"मग रोज ये."

तो हसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला आम्ही नकोच आहोत."

एल्माला एकदम भरून आलं. "वेडा कुठला! तुम्ही हवे आहात. तुमची खोली नकोय," ती म्हणाली, आणि रोंडाला हातानेच खूण केली, आण तो सहीचा कागद.