शुक्रवारची चलानं

ऐरोलीहून तांबेबाईंच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी घरी एकटाच होतो. "काका, मावशी गेली. मंगळवारी. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं..." मग तिनं सगळं सांगितलं. दुपारचा चहा झाल्यावर बाई जरा पडते म्हणाल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत. फोन ठेवल्यावर आपण त्यांच्याकडे शेवटचं कधी गेलो होतो हे मी आठवत बसलो. दीड वर्ष उलटलं होतं. याची लाज वाटण्यातच ती संध्याकाळ गेली. त्यालाही आता काही आठवडे झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे, आणि बाईंबद्दल घाईनं लिहिणं बाईंनाच आवडलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाप्याच्या एका कारखान्यात मी अकाउंट्समध्ये चिकटलो. आम्ही पाण्याचे पंप बनवायचो. इंदुमती तांबे बिलं पास करणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्या विभागात त्यांच्याशिवाय मी एकटाच. चिपळूणजवळच्या खेड्यातून आलेल्या, नोकरी करता करता पदवी मिळवलेल्या, अंगानं बारीक. काम समजायला सोपं होतं. आपण दिलेली ऑर्डर, पुरवठादाराचं बिल आणि माल मिळाल्याची आमच्या स्टोअरची पावती, हे तीन कागद जुळले की शिक्का मारायचा. मग फोर्टातल्या हेड ऑफिसातून चेक निघायचा. मी बॅगेत नेहमी एखादी कादंबरी बाळगायचो आणि हे काम मला फार क्षुल्लक वाटायचं.

एके दिवशी बाई एका कागदापाशी थांबल्या. पंप पाठवायला लागणाऱ्या लाकडी खोक्यांचं ते बिल होतं आणि त्याला मालासोबत येणारं चलान जोडलेलं होतं. "सामंत, याला हात लावा." मी विचारलं, काय बघू? "बघू नका हो, हात लावा." मी चलानावरून बोट फिरवलं. मला काही कळलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दोन तास गेटवर उभं केलं. गाडी आली की ड्रायव्हर शर्टाच्या खिशातून चलान काढायचा. घामानं मऊ झालेलं, चौघडी घातलेलं, कधी त्यावर ऑइल, कधी तंबाखूच्या चुन्याचं बोट. एकही कागद सपाट नव्हता. मी परत आलो तेव्हा त्या खोकेवाल्याची अकरा चलानं बाईंनी टेबलावर ओळीनं मांडून ठेवली होती. नुकतीच छापखान्यातून आल्यासारखी. एकावरही घडीची रेघ नव्हती.

"हे कागद गाडीत बसलेच नाहीत," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजी महाग झाली असं सांगावं तसा. माणसं पुस्तकं वाचतात तसं कोणी कागदच वाचत असेल, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गेटवरच्या रजिस्टरात त्या अकरापैकी एकाही गाडीची नोंद सापडली नाही. म्हणजे माल आलाच नव्हता, पैसे मात्र गेले होते. आणि माल मिळाल्याच्या अकराही पावत्यांवर सही होती स्टोअरकीपर म्हात्रे यांची. म्हात्रे शेजारच्या गावचे. त्यांची शेतं औद्योगिक पट्ट्यात गेली आणि त्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. फॅक्टरी मॅनेजरनी बाईंना बोलावून सांगितलं, "सोमवारपर्यंत रिपोर्ट द्या. सही त्याचीच आहे ना? मग विषय संपला. पोलिसांत देऊ." मीही मान डोलावली. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या कादंबऱ्या वाचता. पहिल्याच पानावर चोर सापडला तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवता का?"

मग त्यांनी कॅन्टीनच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागून आणलं आणि एकेका चलानाच्या तारखेवर पेन्सिलीनं टिंब करायला मला बसवलं. पावत्यांवरही त्याच तारखा होत्या. सहा टिंबं शुक्रवारी पडली. वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. विजेचा भार सगळ्यांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून आमच्या पट्ट्यातले कारखाने रविवारी चालू असत. शुक्रवारी स्टोअरला कुलूप. "म्हात्रे पंधरा वर्षं इथे आहेत," बाई म्हणाल्या. "ते चोरी करतील एक वेळ. पण पावतीवर शुक्रवारची तारीख टाकतील?" थोड्या वेळानं त्यांनी रविवारच्या उभ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एकही टिंब नव्हतं. "रविवारी घरी बसणारा माणूस आहे हा. इथला नाही."

रविवारी सुट्टी असायची ती हेड ऑफिसला.

त्या दुपारी आम्ही स्टोअरमध्ये गेलो. म्हात्रे उभेच होते, त्यांना सगळं कळलेलं होतं. "मॅडम, सही माजीच हाय. पन ह्यो माल मी डोल्यांनी बगितला नाय." बाईंनी स्टूल ओढून घेतलं. "मग सही कुठून आली, म्हात्रेदादा?" त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडून दाखवला. मग म्हणाले, जेवायला गेलं की गाड्या खोळंबतात, ड्रायव्हर शिव्या घालतात, म्हणून कोऱ्या पावत्यांवर सह्या करून पॅड ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय होती. तिथं कोण कोण बसतं, असं बाईंनी विचारलं. हेड ऑफिसातले खरेदीचे साहेब महिन्यातून एकदा येत, चहाला तिथंच बसत. "येवडे मोठे साहेब, मी त्यांच्यावर लक्ष ठेवनार?" आणि मग अगदी हळू आवाजात, "मॅडम, जमीन तं गेली. आता ही नोकरी बी जाल का?" बाई म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही. जे झालं ते लिहिणं माझ्या हातात आहे. तुमची चूकसुद्धा लिहीन." मला हे कठोर वाटलं. म्हात्रेंना तसं वाटलं नसावं, कारण ते पहिल्यांदाच खाली बसले.

बिलावरचा पत्ता कोपरखैरण्याचा होता. तिथं एक बंद गाळा निघाला. वरच्या मजल्यावरून एक बाई वाकून म्हणाल्या, "लाकूडबिकूड इथे कधी नव्हतं. एक साहेब येतात, टपाल घेतात, जातात. गोरे आहेत, सोनेरी चष्मा." तांबेबाईंनी तिथंच पायरीवर बसून वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली त्यांची सही मागितली. सोनेरी चष्म्याचे, गोरे, महिन्यातून एकदा येणारे ते साहेब आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

रिपोर्ट इंग्रजीत होता आणि बाईंच्या हस्तलिखितावरून मी तो टाइप करत होतो. पहिलंच वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: या अकरा बिलांपैकी सात मी स्वतः तपासून पास केली आहेत. मी थबकलो. तीन कागद जुळत होते, शिक्का मारणाऱ्याचा त्यात काय दोष? बाईंची बढती त्याच वर्षी ठरायची होती. मी ते वाक्य गाळलं आणि पुढचं टाइप करून कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "पहिलं वाक्य राहिलंय."

"बाई, त्याची गरज आहे का?"

"म्हात्रेंनी न बघता सही केली हे आपण लिहिणार. आपण न बघता शिक्का मारला, ते कोण लिहिणार?"

मी नवा कागद चढवला. मग धीर करून विचारलं, "आणि उरलेल्या बिलांचं?" ती मी पास केली होती, आणि मी अजून प्रोबेशनवर होतो. बाई चष्मा पुसत होत्या. "तुमचं तुम्ही लिहा. मी सांगणार नाही."

पुढे खरेदीच्या साहेबांवर केस झाली. म्हात्रेंना ताकीद मिळाली, नोकरी राहिली आणि ते त्याच स्टोअरमधून निवृत्त झाले. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. बाईंची बढती त्या वर्षी झाली नाही, आणि त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाही बोलल्या नाहीत.

त्या रिपोर्टची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. परवा कपाटातून काढली. निळी अक्षरं पुसट झाली आहेत, तरी वाचता येतात. सगळ्यात वर बाईंचं वाक्य, त्याखाली माझं. माझ्या वाक्यात मी उरलेल्या बिलांचा आकडा टाइप केला होता, तीन. बाईंनी त्यावर शाईनं चार केला आणि शेजारी बारीक सही केली. आकडा टाइप करताना माझं बोट चुकलं होतं की दुसरं काही... त्यांनी विचारलं नव्हतं. मला आजही नक्की सांगता येत नाही.