निळ्या बुटांची रांग

हिसाए कुदो आमच्या गावच्या बर्फाच्या उतारावर विश्रांतीची खोली सांभाळायची. मी शेजारीच लिफ्ट चालवायचो.

उतार लहान, दर कमी. बूट भाड्याने मिळायचे, घसरगाडी फुकट. घरून भाताचे गोळे बांधून आणणाऱ्या कुटुंबांनी हिसाएच्या खोलीत बसायचं. चटया, रॉकेलची शेगडी, गरम चहा. पैसे नाहीत. बूट दाराबाहेर.

लोक आत गेले की हिसाए वाकून प्रत्येक जोडी फिरवायची. टाचा दाराकडे, टोकं बाहेर. निघताना पाय सरळ बुटात गेला पाहिजे. जोडी मात्र जागची हलवायची नाही. कंबर धरायची, तरी एकही जोडी सुटायची नाही.

एका हिवाळ्यात गाव-कचेरीचे शिमोदे साहेब आले. "खोली रिकामी पडते. इथे मालिशच्या खुर्च्या बसवू. नाणं टाकायचं, पाठ रगडून घ्यायची. रविवारी बघून ठरवतो."

"म्हणजे पाठ मोडेपर्यंत मी वाकले," हिसाए मला म्हणाली, "आणि रगडून घेणार दुसरे. मी घरी सुनेची तोंडं बघत बसू?"

रविवारी ती चुकली. साहेबांना शिस्त दिसावी म्हणून तिने सगळे बूट मापाप्रमाणे लावले. भाड्याचे बूट, सगळे निळे.

"कशी दिसते रांग, तोकुजीसान?" तिने मला विचारलं.

"पलटणीसारखी."

"मग झालं."

जेवण उरकून एक बाप दाराशी आला. रांग बघितली आणि परत जाऊन बसला. दुसरा उठला, तोही बसला.

"आधी तुम्ही घ्या."

"छे छे, तुमच्याबरोबर लहान मुलं आहेत."

"चुकून तुमचे घातले तर?"

"माझे ओले आहेत हो, तुम्हालाच त्रास."

परक्याच्या बुटात पाय घालायचं धाडस कुणाला होईना. बाहेरून नवे लोक येतच होते. हिसाए त्यांचेही बूट मापात बसवत होती. शिमोदे आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते दाराजवळ टेकून घड्याळ बघत राहिले.

हिसाए लिफ्टकडच्या खिडकीशी आली. "हे लोक उठत का नाहीत?"

"बूट," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. ती साहेबांसमोर वाकली. "माफ करा, चूक माझीच, मी बूट—"

"नम्रपणा पुरे, कुदोसान! दोन तास झाले, एक माणूस हलत नाही. याला म्हणतात सेवा. खोली राहील. आणि बूट यापुढे मापाप्रमाणेच लावायचे."

साहेबांचे बूट काळे, कातड्याचे. सगळ्यांआधी तेच बाहेर पडले. मग मी लिफ्ट थांबवून दाराशी उभा राहिलो आणि एकेक माप ओरडून बूट वाटले.

मापाप्रमाणे बूट लावायची साहेबांची सूचना दारावर अजून आहे. साहेब यायचे असले की हिसाए ती पाळते. एरवी जोडी जागच्या जागी.

खुर्च्या आधीच मागवलेल्या होत्या. त्या कचेरीत ठेवल्या. शिमोदे साहेबांची पाठ उत्तम आहे.