पाळकसाहेबांविषयी माझी गाऱ्हाणी

नाशिक शहरातल्या आणि ही पुरवणी जिथवर पोहोचते तिथवरच्या तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पुढील मजकुरात एका दिवंगत धर्मगुरूंविषयी वाईट बोललं जाणार आहे. हळव्या मनाच्या मंडळींनी पान उलटावं, मागे शब्दकोडं आहे. बाकीच्यांनी ऐसपैस बसून घ्यावं. हे मी माझ्या मनाने करत नाही. खुद्द दिवंगतांची तशी शिकवण होती, आणि त्यांच्या प्रवचनांतलं मला नीट लक्षात राहिलेलं तेवढंच आहे...

रेव्हरंड यशवंत आढाव, आमच्या चर्चचे पाळक, गेल्या महिन्यात गेले. बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाळकसाहेब गेले. दाढी पुरी कर, मग ये." अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. चर्चमधून त्यांची शवपेटी बाहेर काढताना एका बाजूला पॉलिश केलेले बूट होते आणि दुसऱ्या बाजूला अनवाणी पाय. बूटवाले रुबाबात चालत होते, अनवाणी भराभर, त्यामुळे पेटी वाकडी होऊन वेदीकडेच परत निघाल्यासारखी दिसत होती. पुढे घरी प्रार्थना झाली, तिथे जो उठला तो "देवमाणूस होते" एवढं म्हणून बसला. देवमाणूस हा शब्द आढाव पाळकांना अजिबात खपत नसे.

तर गाऱ्हाणं पहिलं. हा माणूस "आता शेवटचा मुद्दा" असं म्हणून माणसांना फसवत असे. बायका पिशव्या आवरायच्या, पुरुष चुळबुळ करायचे आणि शेवटच्या मुद्द्याला पोटमुद्दे फुटायचे. गाऱ्हाणं दुसरं, ते प्रार्थना एक डोळा उघडा ठेवून करत. हे मला ठाऊक आहे, कारण मीही तसाच करतो आणि आमची नजरानजर व्हायची. तिसरं जरा खासगी आहे. नाताळच्या नाटकात दुष्ट राजाचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. माझ्या आरोळीने लहान मुलं आईच्या पदरात शिरायची. आणि पडदा पडल्यावर हे गृहस्थ विंगेत येऊन हळूच म्हणायचे, "राजा एवढा घाबरलेला असतो का हो?" एका वाक्यात त्यांनी माझं राज्य घेतलं...

ही गाऱ्हाण्याची पद्धत त्यांचीच. मी ती पहिल्यांदा पाहिली माझ्या वडिलांच्या वेळी, सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल तेव्हा. वडील अचानक गेले. आई रडली नाही, जेवली नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. संध्याकाळच्या प्रार्थनेला घर भरलं होतं आणि शेजारी, नातेवाईक आळीपाळीने वडिलांचे गुण गात होते. ते ऐकता ऐकता मलाच शंका यायला लागली की हे चाललंय कुणाबद्दल. पाळकसाहेब सतरंजीवर आईसमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, एक गाऱ्हाणं सांगा."

"कसलं?"

"दादांबद्दल. एवढी वर्षं संसार केलात, एक तरी असेलच."

मावशा एकमेकींकडे बघायला लागल्या. आई भिंतीपासून जराशी पुढे सरकली. मग म्हणाली, "ओला टॉवेल गादीवर टाकायचे."

"रोज?"

"रोज. आणि मी बोलले की म्हणायचे, गादीला तहान लागली होती."

कुणीतरी फिसकन हसलं. मग काकाने वडिलांच्या पत्त्यांतल्या लबाड्या काढल्या, मी त्यांच्या घोरण्याची नक्कल केली (ती आजही बरी जमते), आणि हसता हसता आईच्या घशातून एक आवाज निघाला आणि ती जी रडायला लागली ती कितीतरी वेळ. त्यानंतर तिने भात खाल्ला. पाळकसाहेबांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, हे काय करता तुम्ही? ते सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "देवमाणूस गेला तर रडायचं कशाला? तो गेला देवाकडे. आपला टॉवेलवाला माणूस गेलाय. त्याच्यासाठी रडायला हवं."

हे औषध प्रत्येक घरात लागू पडलं असं नाही. एका घरी सुनेने सासऱ्यांबद्दल जे गाऱ्हाणं सांगितलं त्यावर कुणाला हसता येण्यासारखं नव्हतं. सगळे तिला गप्प करायला लागले. पाळकसाहेब तिला अंगणात घेऊन गेले, ओट्यावर बसले आणि तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आत प्रार्थनेला थांबलेली माणसं कंटाळून घरी गेली. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मी फार हुशारी करतो का हो?" हो म्हणायची संधी मी कधी सोडत नाही, पण त्या दिवशी सोडली.

त्यांची खरी परीक्षा पुढे होती. शहरातल्या द्वारका चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारा गट, भरत असे. लासलगाव, हरसूलकडून कामाला येऊन शहरात स्थिरावलेली कष्टाची माणसं. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायची, ढोलकी आणि टाळांवर गायची. रस्ता रुंद करायचा ठरला आणि शेड त्यात गेली. चर्चच्या वरिष्ठांकडून निर्णय आला की त्यांची मंडळी आणि आमची मंडळी एक, चर्च आमचं, पाळक आढाव. आम्ही बूट घालून बाकांवर बसणारे, पायपेटीवर सावकाश गाणारे. प्रत्येक घराण्याचा बाक ठरलेला, त्यावर आजोबांनी खिळ्याने कोरलेली नावंसुद्धा. आमचे एक पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, पायरीवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "चला, आता चर्चची धर्मशाळा झाली." हे ऐकलं शमुवेलमामांनी. शेडचे पत्रे ज्यांनी स्वतःच्या हाताने ठोकले होते ते हे मामा. रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे. त्या दिवसापासून त्यांनी आमच्यातल्या कुणाच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही.

शेड पाडायच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब आम्हा बाकवाल्यांना तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, घरात माणूस गेल्यासारखंच आहे हे, तर आज शेडची गाऱ्हाणी. मग काय विचारता. मे महिन्यात डोसा भाजेल असे तापणारे पत्रे, पावसात प्रवचन ऐकूच न येणं, नेमकं 'शांत व्हा' म्हटल्यावर वाजणारा ट्रकचा हॉर्न. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. शमुवेलमामा मात्र खांबाला हात लावून उभे. "माझं काय गाऱ्हानं नाय," एवढंच म्हणाले. पाळकसाहेबांनी आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो तर अर्धे बाक व्हरांड्यात आणि अर्ध्या जागेत सतरंज्या. पाळकसाहेब स्वतः अनवाणी उभे. आमचे पंच पुढे झाले, "साहेब, निदान मोजे तरी." ते म्हणाले, "एकाला भोक आहे. दाखवू?"

असं दोन्हीकडच्यांना चुचकारत, कधी ढोलकी तर कधी पायपेटी करत, गाडी कशीबशी चालली. आणि ऐंशीचं दशक लागल्यावर पाळकीणबाई गेल्या. थोड्याच दिवसांच्या आजारात. पाळकसाहेब रविवारी उभे राहायचे, बोलायचे, प्रवचन आता वेळेवर संपायचं, आणि त्याचीच आम्हाला धास्ती वाटायला लागली. घरोघर येणं त्यांनी थांबवलं. भांडण लागलं तरी नाही, मयत झाली तरी दफनभूमीतून थेट घरी. दोन्हीकडची माणसं हळूहळू आपापल्या भिंतीला सरकली. सतरंजीवाले म्हणायला लागले की कुणाच्या तरी अंगणात आपलं वेगळं भरवू. आमचे पंच अडवायला तयार नव्हते, उलट व्हरांड्यातले बाक पुसून घेत होते. त्यात कळलं की पाळकसाहेबांनी वरिष्ठांना कामातून मोकळं करण्याची विनंती केली आहे, लासलगावला भावाकडे जाणार. ते गेले असते तर दोन्ही मंडळ्या पुन्हा दोन झाल्या असत्या, आणि यावेळी कायमच्या. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं.

आई मला म्हणाली, चल. दुपारची वेळ होती. आम्ही पाळकसाहेबांच्या घरी गेलो तर ओसरीवर शमुवेलमामा टोपी हातात घेऊन उभे. "आमी येगळं भरवनार," ते सांगत होते, "तुमाला न सांगता जाऊ नये म्हून आलो." पाळकसाहेब नुसतेच मान हलवत होते. त्यांच्यासमोर स्टुलावर चहाचा भरलेला कप होता, वर साय धरलेली. आई सरळ आत गेली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मामांकडे तिने पाहिलंही नाही.

"पाळकसाहेब, बाईंचं एक गाऱ्हाणं सांगा."

मी आईचा दंड धरला. तिने हात झटकला.

"वहिनी, नको."

"माझ्याकडून घेतलंत ना? मग सांगा."

पाळकसाहेबांनी स्टुलावरचा कप जरा बाजूला सरकवला. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग ते बोलायला लागले, कुणाशी बोलतोय हे विसरल्यासारखे. "मला तिने कधी कपभर चहा पिऊ दिला नाही. लग्न झाल्यापासून. मी कप तोंडाला लावला की दारात कुणीतरी आलेलंच असायचं. दूध बेताचं. ती आतून म्हणायची, अहो, अर्धा त्यांना ठेवा हं. मी रागावायचो. एकदा कप आपटलासुद्धा... कान तुटला त्याचा. म्हटलं, एक दिवस मला सबंध चहा दे, मग मर म्हण मला." त्यांनी कपाकडे पाहिलं. "आता सबंध मिळतो. रोज. संपतच नाही."

आईने पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांचे खांदे हलायला लागले आणि एवढा मोठा, बोलघेवडा माणूस तोंडावर हात ठेवून आवाज न करता रडत होता. आणि तेवढ्यात ओसरीवरून, चपला काढायचंही भान न राहता, शमुवेलमामा उंबऱ्याच्या आत आले. वेगळं व्हायचं सांगायला आलेला तो माणूस, आमच्यातल्या कुणाकडे पाण्याचा थेंब न घेणारा. त्यांनी स्टुलावरचा तो गार झालेला कप उचलला, अर्धा गटागटा प्यायले, उरलेला पाळकसाहेबांच्या हातात दिला आणि एकदम म्हणाले,

"उद्यापासनं आमच्याकडं येत जा. सबंध कुनीच देनार नाय तुमाला."