ब्रदर आबांचं पान

दौंडला राहणारे एक कॅथलिक ब्रदर, म्हणजे सेवेचं व्रत घेतलेले धर्मबंधू, एक्याऐंशीव्या वर्षी गेले. आमच्या खुटबावात त्यांना सगळे ब्रदर आबा म्हणत.

साखरेच्या आजारामुळे वडिलांच्या पायाला जखम झाली, तेव्हापासून ब्रदर आमच्याकडे येऊ लागले. दिवसाआड, साडेअकराच्या सुमाराला, एसटीने. जखम धुवायची, टिपायची, पट्टी बांधायची. असं सात महिने चाललं. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण वडील गेले तेव्हा दहाही बोटं जागेवर होती. ब्रदर काही घेत नसत, फक्त दुपारी आमच्याकडे जेवत. बायको बहुतेक वेळा हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली शेंगोळी करायची, लसूण-मिरचीचा भरपूर ठेचा घालून.

त्यांना पुण्यात पुरलं. मातीला गावातले आम्ही सहा जण गेलो होतो. परतताना आमच्यातले थोरले, आप्पा, म्हणाले, "त्यांच्यात दहावा न्हाई, म्हाईत हाय. पर आपल्यात हाय ना? एक पान मांडू."

दहाव्या दिवशी नदीकाठी, ब्रदर ज्यांच्याकडे येत-जेवत, अशा नऊ घरची माणसं जमली. ज्याच्या त्याच्या डब्यात ब्रदरांच्या 'आवडीचं' काहीतरी होतं. नऊ डबे, नऊ पदार्थ. माहेर शिरूरकडचं असलेली आमची शेजारीण मासवडी घेऊन आली होती.

"आबांचा जीव मासवडीवर," ती म्हणाली.

"तुमच्याकडं म्हनत आसतील," माझी बायको म्हणाली. "जेवायचे शेंगोळीच."

"भांडू नका, कावळा ऐकतोय," आप्पा म्हणाले.

ब्रदरांसोबत राहणारे दुसरे, तरुण ब्रदर आमच्या बोलावण्यावरून आले होते. मी त्यांनाच विचारलं, "त्यांना खरंच काय आवडायचं?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "घरी ते दहीभातच खायचे. तिखटाचा त्रास होता त्यांना. पण जो जे वाढेल ते खायचं, नाही म्हणायचं नाही, हा आमचा नेम आहे."

मी मनात हिशोब केला. सात महिने दिवसाआड म्हणजे शंभराच्या वर वेळा. ज्या माणसाने वडिलांचा पाय वाचवला, त्याला आम्ही शंभरावर वेळा त्रास दिला होता, आणि एकदाही विचारलं नव्हतं. बायकोने डब्याचं झाकण परत लावलं.

"म्हंजी आमच्यापायी नेमानं खायचे," ती म्हणाली.

"ताई, संपल्यावर पुन्हा मागायचे का?"

"मागायचे की. रस्सा तर वाटीनं प्यायचे."

"मग मागायचा नेम नाही आमच्यात," तरुण ब्रदर म्हणाले. "वाढलेलं खायचं, एवढाच आहे."

बायकोने झाकण काढलं आणि पानावर शेंगोळी वाढली. बाकीच्यांनीही आपापलं थोडं थोडं वाढलं. दहीभात मात्र कुणीच आणला नव्हता.

ब्रदर आबांनी पुन्हा मागितल्याचं मला नक्की आठवतं ते तीन वेळा. बायको म्हणते, दर वेळी. ती वाढायला असायची आणि मी बहुतेकदा शेतावर, म्हणून तिचा आकडा मी धरतो.